अर्ध्या इंचाची वहिवाट

सायकलच्या साखळीतील लगतच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असावे, हा ठराव प्रथम कोणत्या दरबारात किंवा विधिमंडळात झाला नाही. कारखानदारांच्या वहिवाटीतून तो रूढ झाला आणि प्रमाणे ठरविणाऱ्या संस्थांनी मागाहून त्यावर शिक्कामोर्तब केले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पहाटे शहराकडे येणाऱ्या गवळ्याची काळी सायकल, मुंबईत स्टेशनाबाहेर डबेवाल्याने उभी करून ठेवलेली सायकल, जपानातील कैरिनच्या शर्यतीत धावणारी सायकल आणि फ्रान्सच्या प्रदक्षिणेत आल्प्स ओलांडून जाणारी, लाखोंच्या घरात किंमत असलेली सायकल, या सर्वांच्या साखळ्या एकीशेजारी एक मांडल्या, तर पिनांमधले हे अंतर सर्वत्र तेच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, भरेल. मळसूत्राचे आटे, विजेचे प्लग आणि रेल्वेचे रूळ यांपैकी कशाच्याही बाबतीत जगाचे इतके दीर्घकाळ एकमत झालेले नाही. परंतु याच एकमताने आपल्याकडील हौशी सायकलस्वारांच्या मनात एक समजूत पक्की केली आहे, ती अशी की अर्धा इंच सर्वत्र सारखाच असल्यामुळे कोणतीही साखळी कोणत्याही दातेरी चक्रावर चालते. नेहमीच्या सायकलीत ही समजूत फार तर खर्चाची ठरते. जिचे मागचे चाक आणि पायडल एकमेकांना कायमचे बांधलेले आहेत, त्या सायकलीत ती हाडे मोडू शकते.

अशा सायकलीला फिक्स्ड गिअर किंवा लाडाने फिक्सी म्हणतात. तिला फ्रीव्हील नसते, म्हणून चाक फिरते तोवर पायडल फिरते, उतारावर पाय स्वस्थ ठेवण्याची मुभा नसते आणि पाय मागे रेटला की चाकाचा वेग कमी होतो. न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर कागदपत्रे पोहोचविणाऱ्या सायकलस्वारांनी शर्यतीच्या धावपट्टीवरची ही सायकल शहरात रुळविली, तिकडच्या तरुणांनी 1970–80 च्या काळातील जुन्या दहा-गिअरी सायकली उघडून त्यांचे तसे रूपांतर करण्याचा छंद जोपासला, आणि तो छंद आता पुणे-मुंबईच्या तरुणांपर्यंतही पोहोचला आहे. छंद उत्तम आहे. जुनी वस्तू भंगारात न घालता तिचे अनावश्यक भाग उतरवून तिला पुन्हा रस्त्यावर आणणे यात एक प्रकारची सद्भिरुची आहे, आणि ज्याने आपली सायकल स्वतः उघडून पुन्हा जोडली त्याला ती यंत्र म्हणून कळते, हा लाभही थोडा नव्हे. माझी तक्रार एवढीच आहे की या रूपांतरात रंग, हँडल आणि टायर यांवर जेवढा विचार होतो, त्याचा चतुर्थांशही साखळी व मागचे चक्र यांच्या मेळावर होत नाही. वास्तविक या सायकलीतील साखळी हा ब्रेकचाच एक भाग असतो, आणि ब्रेकला आपण जे नियम लावतो तेच तिलाही लावले पाहिजेत.

साखळी दोन्ही दिशांनी ताण सोसते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने नवी नाही; किंबहुना जुनीच आहे. हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस गृहस्थाने मँचेस्टर परिसरात कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या करणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि 1880 मध्ये पिनेवर नळी व नळीवर रूळ अशा रचनेच्या साखळीचे पेटंट घेतले. 1885 मध्ये कव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली यांची रोव्हर सायकल निघाली, तिने मागच्या चाकाला साखळीने गती दिली, आणि आजच्या सायकलीचा मसुदा तयार झाला. त्या काळी फ्रीव्हील सर्रास नव्हते, म्हणजे प्रत्येक सायकलस्वार नाइलाजाने फिक्सीवाला होता. फ्रीव्हील आले, पाठोपाठ बदलते गिअर आले, आणि ज्यांना पायांच्या कष्टाचा अभिमान होता त्यांनी नाके मुरडली. फ्रान्सच्या प्रदक्षिणेचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांनी तर 1902 मध्येच असे लिहून ठेवले होते की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीच असावेत. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळावयास 1937 साल उजाडले. मुद्दा असा की साखळीची पुढची सगळी उत्क्रांती गिअर बदलण्याच्या सोयीसाठी झाली. साखळी सहज एका चक्रावरून दुसऱ्यावर घसरावी हेच तिचे ध्येय ठरले. फिक्सीवाल्याला नेमकी याच्या उलट साखळी हवी असते, जी काही झाले तरी घसरणार नाही.

पिनांमधले अंतर कायम राहिले, रुंदी मात्र राहिली नाही, आणि घोटाळा येथेच आहे. एकेरी चक्राच्या सायकलीची, म्हणजे गवळ्याच्या, डबेवाल्याच्या आणि कैरिनच्याही सायकलीची साखळी आतून एक-अष्टमांश इंच, अर्थात 3.175 मिलिमीटर रुंद असते. पाच ते आठ चक्रांच्या गिअरवाल्या सायकलीची साखळी आतून तीन-बत्तिसांश इंच, म्हणजे 2.38 मिलिमीटर असते. नऊ व त्याहून अधिक चक्रे आल्यावर ती आणखी आक्रसून 2.18 मिलिमीटरवर आली. या अंकांचे प्रत्यक्ष फलित पाहावयाचे असेल तर गिअरच्या सायकलीवरून उतरविलेली साखळी हातात घेऊन ती एक-अष्टमांशाच्या जाड दात्यांच्या चक्रावर बसवून पाहावी: दाता पट्ट्यांच्या मध्ये उतरतच नाही, पट्ट्या दात्याच्या माथ्यावर चढून बसतात, आणि पायडल दाबताच साखळी वर उचलली जाते. उलट रुंद साखळी अरुंद चक्रावर विनातक्रार चालते. दोन्ही बाजूंना मिळून मिलिमीटरभर जागा मोकळी राहते, थोडा आवाज होतो, परंतु चक्रे एका रेषेत असतील तर धोका नसतो. तेव्हा ज्याच्या खोक्यात निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा झालेले सुटे भाग आहेत, त्याने डोळे मिटून एक-अष्टमांशाची साखळी घ्यावी. ज्याला सर्व भाग नवे घ्यावयाचे आहेत त्याने पुढचे चेनव्हील, साखळी व मागचे चक्र एकाच रुंदीचे घ्यावे. मग ती रुंदी कोणती याला फारसे महत्त्व नाही.

रुंदी जुळली तरी आकाराचा प्रश्न राहतो. गिअरसाठी घडविलेल्या चक्राचे काही दाते मुद्दाम आखूड असतात, काहींना तिरपा उतार दिलेला असतो, चेनव्हीलच्या अंगावर साखळी उचलून घेणाऱ्या बारीक पिना असतात. शिवाय गिअरची साखळी आडवी वाकण्यासाठीच केलेली असते आणि तिच्या बाहेरच्या पट्ट्या कडांशी किंचित फाकलेल्या असतात. साखळी सोडून देण्यासाठी केलेली ही कारागिरी त्या सायकलीत कौतुकाची आहे. फिक्सीत तीच फितुरी करते. म्हणून चेनव्हील जुने वापरावयाचे असल्यास साधे, सर्व दाते सारख्या उंचीचे असलेले निवडावे, आणि कॅसेटमधले सुटे चक्र ओढूनताणून वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

आता बल कसे वाहते ते पाहू. नेहमीच्या सायकलीत पायडल मारताना साखळीचा वरचा पदर ताणला जातो आणि खालचा पदर केवळ परत येण्यापुरता असतो. पाय थांबले की वरचाही सैल पडतो आणि फ्रीव्हील टकटक करीत चाकाला एकटेच फिरू देते. फिक्सीत पाय मागे रेटला की वरचा पदर ढिला होतो आणि सगळा भार खालच्या पदरावर येतो. साखळी मुळातच सैल असेल तर या क्षणी तिला झोल पडतो, तो झोल चक्राच्या माथ्याशी पोहोचतो, आणि आपण ज्याला साध्या भाषेत ‘चेन पडली’ म्हणतो ते घडते. साध्या सायकलीची चेन पडली तर माणूस खाली उतरतो, बोटे काळी करतो आणि दोन मिनिटांत पुढे जातो. फिक्सीची चेन वेगात पडली तर ती चक्र आणि आरे यांच्या बेचक्यात अडकून चाक जागच्या जागी आवळू शकते; आणि अडकली नाही, तर मागच्या चाकाचा ब्रेक म्हणून ज्यावर विसंबावयाचे तेच साधन त्या क्षणी नाहीसे होते. वेगाने निघालेल्या स्वाराला या दोहोंपैकी कोणती आपत्ती वाट्याला यावी याची निवड करता येत नाही.

याहून गंभीर बाब मागच्या हबच्या आट्यांची आहे, आणि येथे आपल्या दुरुस्तीवाल्यांची एक युक्ती मला सरळसरळ निषेधार्ह वाटते. धावपट्टीच्या खऱ्या हबवर दोन पायऱ्यांचे आटे असतात: मोठ्या व्यासाच्या पायरीवर चक्र उजव्या आट्यांनी चढते, आणि त्याबाहेर लहान व्यासाच्या पायरीवर लॉकरिंग डाव्या आट्यांनी बसते. पाय मागे रेटल्यावर चक्र सुटू पाहते, परंतु सुटता सुटता ते लॉकरिंगला ज्या दिशेने फिरवू पाहते ती दिशा लॉकरिंग घट्ट होण्याची असते. चक्राच्या पळून जाण्याच्या प्रयत्नातूनच त्याचा जामीन भक्कम होतो, आणि यंत्ररचनेतला हा साधेपणा पाहून कोणाही विचारी माणसाने मान डोलवावी. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर मात्र एकच पायरी असते. तिचे आटे धावपट्टीच्या चक्राच्याच मापाचे, 1.37 इंच व्यासाचे व इंचाला 24, असल्यामुळे चक्र त्यावर सुरेख चढते आणि चढविणाऱ्याची फसगत होते. मागे रेटण्याच्या बळाला तेथे काहीच अडवीत नाही. मग कोणी पायडलच्या कण्याचे लॉकरिंग बाहेरून आवळतो, ज्याचे आटे त्याच बाजूचे असल्यामुळे ते चक्राबरोबरच सुटते. कोणी आट्यांत गोंद भरतो. आणि आपल्याकडे कोणी फ्रीव्हीललाच वेल्डिंग मारून ते कायमचे बंद करतो. वेल्डिंगने फ्रीव्हीलच्या आतली खटकी बंद होते हे खरे. परंतु बंद झालेले ते फ्रीव्हील हबवर बसते त्याच उजव्या आट्यांनी, तेव्हा सुटण्याचा मूळ दोष जसाच्या तसा राहतो, आणि उष्णतेने पोलादाचा कस जाऊन छर्ऱ्यांची वाट लागते ती वेगळीच. पाश्चात्त्य मिस्त्री अशा हबला आत्मघाताचा हब म्हणतात. मला ही अतिशयोक्ती वाटत नाही.

आपल्याकडच्या काळ्या सायकलीकडे पुन्हा यावयाचे, कारण रूपांतरासाठी ती हाताशी असते आणि तिची रुंद साखळी गल्लीतल्या कोणत्याही दुकानात मिळते. परदेशी ‘ट्रॅक’ साखळीसाठी आठवडेचे आठवडे वाट पाहणाऱ्या तरुणाला हे सांगितले की त्याचा चेहरा पडतो. मापाने ती तीच आहे. गुणाने मात्र सर्व साखळ्या सारख्या नसतात. संथ चालीच्या, केवळ पुढे ओढण्याच्या कामासाठी केलेली स्वस्त साखळी उलटसुलट झटक्यांखाली लवकर सैल होते, तेव्हा माप तेच ठेवून त्यातली चांगल्या प्रतीची साखळी घेण्यातच काटकसर आहे. या सायकलीची मागची टोके आडवी असून त्यांत चाक मागेपुढे सरकते, बहुधा ताण लावण्याचे स्क्रूही असतात. ही सोय फार मोलाची आहे, कारण ज्या फ्रेमची टोके उभी कापलेली असतात तिच्यात साखळी ताणण्यास जागाच नसते आणि अर्ध्या कड्या जोडून मेळ घालीत बसावे लागते. उणे आहे ते चेनव्हीलमध्ये. कॉटरपिनेच्या क्रँकला कायमचे जडविलेले पत्र्याचे चेनव्हील पुष्कळदा खरे गोल नसते: एका जागी साखळी तारेसारखी ताठ आणि अर्धा फेरा पुढे गेल्यावर लोंबती. बोल्टांनी लावलेले चेनव्हील बोल्ट सैल करून, हलके ठोकून मध्यावर आणता येते. जडविलेल्याला इलाज नाही. अशा वेळी जिथे साखळी सर्वांत ताठ आहे त्या स्थितीत मधोमध बोटाने दाबून सुमारे अर्ध्या इंचाची लवचिकता राहील इतपत ताण ठेवावा, आणि मग सर्वांत सैल स्थितीत ती उचलून पडते का ते पाहावे. पडत असेल तर ते चेनव्हील या कामाचे नाही, हे मान्य करावे.

दोन्ही चक्रे एका रेषेत हवीत हे वेगळे सांगावयास नको, तरी सांगतो, कारण रूपांतरात तीच गोष्ट राहून जाते. गिअरच्या सायकलीतून पुढचे एक आणि मागचे एक चक्र ठेवले की उरलेली जोडी एकमेकींसमोर येईलच असे नाही. धावपट्टीच्या हबांवर फ्रेमच्या मध्यरेषेपासून मागच्या चक्रापर्यंतचे अंतर साधारण 42 मिलिमीटर असते. पुढचे चेनव्हील त्याच अंतरावर आणण्यासाठी पायडलच्या कण्याची लांबी बदलावी लागते किंवा चेनव्हील आतल्या बाजूस लावावे लागते. चेनव्हीलच्या सपाट अंगाला लांब सरळ पट्टी टेकवून ती मागच्या चक्राशी कोठे जाते एवढे पाहिले तरी पुरे.

दात्यांच्या संख्येत एक गमतीचे गणित दडलेले आहे. मागचे चाक आवळून घसरत थांबणारे स्वार बहुधा एकच पाय पुढे ठेवून घसरतात, त्यामुळे टायर नेमक्या काही जागांवरच झिजतो. त्या जागा किती, हे पुढच्या व मागच्या दात्यांच्या गुणोत्तराचा अपूर्णांक संक्षिप्त केल्यावर येणाऱ्या छेदावरून कळते. 48 व 16 दात्यांची जोडी घेतली तर छेद एक, म्हणजे सगळा टायर एकाच जागी घासून निघणार. 46 व 16 घेतली तर आठ जागा, 44 व 18 घेतली तर नऊ, आणि 47 व 17 घेतली तर सतरा. शाळेत अपूर्णांकांचा कंटाळा केलेल्यांना टायरच्या रूपाने तो हिशेब पुढे चुकता करावा लागतो, हे मला न्याय्यच वाटते.

झिजेबाबत दोन शब्द. साखळी लांबते म्हणजे तिचे पोलाद ताणले जाते असे नव्हे. पिना आणि नळ्या घासून प्रत्येक सांध्यात केसभर जागा वाढते. इंचांच्या वहिवाटीचा येथे उपयोग असा की साधी फूटपट्टी घेऊन एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले, तर चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यावयास हवी. ती एक-षोडशांश इंच पुढे गेली की साखळी बदलावी. एक-अष्टमांश पुढे जाईपर्यंत थांबल्यास चक्रेही गेली असे समजावे, कारण झिजलेल्या चक्रावर नवी साखळी धड बसत नाही. साध्या सायकलीचे दाते एकाच अंगाने झिजतात, फिक्सीचे दोन्ही अंगांनी. आणि साखळी पुसताना एक पथ्य अवश्य पाळावे: चाक गरगर फिरवून फडके साखळीवर धरू नये. साध्या सायकलीत फडके चक्रात ओढले गेले तर हात आखडता येतो, साखळीही थांबते; फिक्सीत चाकाचा सगळा वेग त्या फडक्यामागे असतो आणि फडक्यामागून बोट जाते. बोटांची अग्रे अशीच गमावलेली माणसे या छंदात आहेत.

एवढे सगळे नीट जुळविले तरी पुढच्या चाकाला ब्रेक लागतोच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सायकलींचे काम करणारे शेल्डन ब्राउन (1944–2008) हे फिक्सीचे निस्सीम पुरस्कर्ते होते, आणि पुढच्या ब्रेकाचा आग्रहही त्यांनीच सर्वांत खणखणीतपणे धरला. ब्रिटनच्या 1983 च्या नियमांनी मागचे बांधलेले चाक ब्रेकसमान मानले, तथापि पुढच्या चाकाचा ब्रेक अनिवार्य केला. 2016 मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या धावपट्टीच्या सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. पुढील वर्षी तो तरुण स्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, परंतु घोडागाड्यांच्या काळातील, 1861 च्या एका कायद्यातील बेफाम हाकण्याच्या कलमाखाली त्यास 18 महिन्यांची शिक्षा झाली. काळ्या सायकलीचा पुढचा दांडीचा ब्रेक दिसावयास जुनाट असेल. तो काढून टाकण्यास तेवढे कारण पुरत नाही.

दुकानदारांकडून अपेक्षा अवाजवी नाहीत. साखळी, चेनव्हील आणि चक्र विकताना बिलावर रुंदी लिहावी, ‘एक-अष्टमांश’ किंवा ‘तीन-बत्तिसांश’ असे दोन शब्द. हब विकताना तो दोन पायऱ्यांच्या आट्यांचा आहे की एका, हे नमूद करावे. आणि फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला, ते कितीही जुने असो, नकार द्यावा. खरा हब महाग पडतो अशी सबब पुढे येईल. ज्याला तो तूर्त परवडत नाही त्याने फ्रीव्हील ठेवून एकच चक्र वापरावे. रूपांतराचे निम्मे सुख त्यात आहेच, आणि ती सायकल गवळी रोज चालवितोच आहे.